टिंबापुरती भाऊकी: एका विरळ आडनावाचं प्रकरण

नाशिकरोडच्या एका घरातून २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं हे प्रकरण. आडनाव आणि माणसांची नावं बदलली आहेत, गावाचं नाव गाळलं आहे. आडनाव बदलताना एक पथ्य पाळलं: मूळ आडनावात एका टिंबामुळे जो घोळ झाला, तोच बदललेल्या आडनावातही व्हायला हवा. म्हणून 'सुंभे' घेतलं. टिंब असलं तर सुंभ, म्हणजे बाज विणायची दोरी. टिंब गेलं तर सुभा, म्हणजे प्रांत. मूळ आडनावाचंही असंच आहे. एका बाजूला घरातली साधी वस्तू, दुसऱ्या बाजूला मोठा हुद्दा.

मी नाशिकमध्ये मोडी कागद वाचून देते. वंशावळ जुळवायला माणसं येतात तेव्हा त्यांना बहुधा एक उतारा हवा असतो, तो वाचून दिला की काम संपतं. हे प्रकरण तसं संपलं नाही. त्यात माझी एक ढोबळ चूक आहे, तीही सांगते.

पार्श्वभूमी

नाना तेव्हा ७३ वर्षांचे. सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, छापलेले ताव तपासण्यात गेली. पहिल्याच भेटीत म्हणाले, "माझ्या नजरेतून टिंब सुटत नाही, ताई." पुढे हे वाक्य आम्हा दोघांनाही पुरलं.

त्यांना कुलवृत्तांत छापायचा होता. कोकणस्थ घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत त्यांनी पाहिले होते आणि आपल्या चाळीसेक घरांचाही असा ग्रंथ असावा असं त्यांच्या मनात होतं. मजकूर जवळपास तयार होता. पहिल्या पानावर लिहिलं होतं की मूळ पुरुष पेशव्यांच्या सुभ्यावर कामाला होते, म्हणून घराणं 'सुभे'. पुतण्याने मुखपृष्ठ केलं होतं: ढाल, दोन तलवारी आणि वर फडकता भगवा. माझ्याकडे ते आले ते एवढ्यासाठीच की सुभेदारीचा एखादा मोडी कागद मिळाला तर फोटो छापता येईल.

घराण्याचं गाव इगतपुरी तालुक्यात, दारणेच्या काठचं. १९१६ मध्ये दारणा धरण पूर्ण झालं आणि चांगली जमीन पाण्याखाली गेली. पुढे १९२५ च्या सुमारास नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभा राहिला, तशी गावची पोरं एकेक करून तिकडे लागली. नानांचे वडील त्यातलेच. आज गावात सुभ्यांची तीन घरं उरली आहेत, नाशिकरोड-देवळाली पट्ट्यात पंधरा-वीस, आणि बाकीची मुंबईत. मुंबईतली मंडळी तर 'सुभेदार' लावतात.

अडचण

सुभेदारीचा कागद मिळाला नसता तरी ग्रंथ छापला गेला असता, आणि कुणाचं काही अडलं नसतं. पण डिसेंबरात नानांच्या नातीने घरी सांगितलं की पुण्याच्या ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न करायचं आहे. मुलगा भुसावळचा, पणजोबांच्याही आधीपासून रेल्वेतली माणसं. आडनाव सुंभे.

"म्हणजे आपल्याच भाऊकीतले?" नानांचा पहिला प्रश्न. ज्यांना हे जग परकं आहे त्यांच्यासाठी: भाऊकीत, म्हणजे एका मूळ पुरुषाच्या वंशात, लग्न करत नाहीत. सातवी पिढी असो की दहावी, मुलगा नि मुलगी नात्याने भाऊ-बहीण ठरतात. आडनाव सारखं असलं की शंका येते. मग देवक, म्हणजे कुळाचं मानलेलं झाड वा वस्तू, विचारतात, कुलदैवत विचारतात, मूळ गाव विचारतात. पाटील-जाधवांसारखं पावलोपावली भेटणारं आडनाव असेल तर 'ते जाधव वेगळे' असं म्हणून सुटता येतं. आडनाव विरळ असलं की ती पळवाट राहत नाही. सगळीकडची मिळून चाळीस घरं, आणि त्यातल्या एकाला भुसावळात नेमकं तसंच आडनाव भेटावं, हा योगायोग कोण मानणार?

सून नातीच्या बाजूने होती. तिचं म्हणणं साधं होतं: "त्यांच्यात टिंब आहे, आपल्यात नाही. दोर वळणारे वेगळे, सुभेदार वेगळे." हे बोलणं मला खटकलं. दोर वळणं हे गावगाड्यात मांगांचं काम, आणि 'आपण ते नव्हे' ही धार त्या वाक्याला होती. खरं तर अंबाडी सोलून घरापुरता दोर प्रत्येक शेतकरी वळत असे. ती धार नानांच्या ग्रंथातही होती, फक्त तिथे तिच्यावर तलवारी काढल्या होत्या.

तर प्रश्न असा झाला: सुभे आणि सुंभे हे एकच घराणं, की दोन?

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग काही न करण्याचा. मुलं सज्ञान, कायदा त्यांच्या बाजूचा. सगोत्र विवाहावरची बंदी १९४६ च्या कायद्यानेच उठली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंडाची, म्हणजे जवळच्या रक्तनात्यात लग्न न करण्याची, अट आहे, ती वडिलांकडून पाचव्या आणि आईकडून तिसऱ्या पिढीपर्यंत, स्वतःला पहिली पिढी धरून. हे मी नानांना पहिल्याच दिवशी कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, "कायदा मला ठाऊक आहे. आक्काला काय सांगू?" आक्का म्हणजे गावात राहणारी त्यांची थोरली चुलत भावजय, वय ८८. भाऊकीत शेवटचा शब्द तिचा.

दुसरा मार्ग नातीनेच सुचवला, डीएनए तपासणी. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावासारखंच, त्यामुळे तिचा भाऊ आणि तो मुलगा यांची तपासणी केली तर पुरुषवंश एक आहे का ते बऱ्यापैकी कळतं. मी याच्या विरोधात होते आणि आजही आहे. आपल्याकडच्या घराण्यांत दत्तक आहेत, घरजावई आहेत, वारस म्हणून वाढवलेले भाचे आहेत. रूढी कूळ बघते, रक्त नाही. दत्तक आलेला मुलगा भाऊकीतलाच. तपासणीचं उत्तर 'वेगळे' आलं तरी आक्काच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं, आणि वर कुणाच्या तरी पणजीबद्दल नको ती चर्चा घरात शिरली असती. नानांनाही हे पटलं.

उरले कागद: मतदार याद्या, जमिनीचे दस्त, शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे, आणि रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या. आणि उरली माणसांची आठवण. तिचा विचार मी सगळ्यात शेवटी केला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कागद वाचणाऱ्याला कागदच दिसतात, दुसरं काय.

आडनावाचा नकाशा

आधी आजची घरं कुठे आहेत ते पाहिलं. मतदार याद्या केंद्रनिहाय असतात. सुभे, सुंभे, सुबे, सुंबे, शुंभे अशी पाच रूपं घेऊन नाशिक आणि जळगाव जिल्ह्यांतले निवडक भाग नानांच्या पुतण्याने चाळले. ज्याने ढाल-तलवार काढली तोच हा पुतण्या. तीन आठवडे बसला बिचारा.

अशा मोजणीत एक खोट असते, ती ध्यानात ठेवावी लागते. यादीत १८ वर्षांवरची माणसं, आणि बायका नवऱ्याच्या आडनावाने. सुभ्यांच्या लेकी कुठे कुठे गेल्या याचा या नकाशात पत्ताच नाही. आडनावाचा प्रवास म्हणून आपण जे बघतो तो निम्म्याच माणसांचा प्रवास असतो. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्यात आईचंही नाव लागतं, पण आडनावाचा रकाना आहे तिथेच आहे.

नकाशा मात्र बोलका निघाला. इगतपुरी ते नाशिकरोड: सगळे सुभे. भुसावळ आणि पुढे रेल्वेच्या वसाहतींत: सगळे सुंभे. यादीबाहेरचे, नानांच्या माहितीतले, परळ-लालबागकडून डोंबिवली-कल्याणला पांगलेले: सुभेदार. सरमिसळ जवळजवळ नाही. पुतण्याने तीन रंगांचे ठिपके लावले आणि म्हणाला, "ताई, तीन घराणी आहेत." मलाही तेव्हा तसंच वाटलं. एका आडनावाची तीन रूपं असती तर ती थोडी तरी मिसळलेली दिसायला हवी होती, असा माझा हिशोब.

विरळ आडनावं विरळ का असतात, यावर फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये एक गणिती प्रश्न टाकला होता, आणि वॉटसन नावाच्या पाद्री गणितज्ञाने त्याचं उत्तर शोधलं. सार एवढंच की पुढच्या पिढीत सरासरी एकच मुलगा धरला, तर आडनाव कधी ना कधी विझणारच. सरासरी थोडी वर गेली तरी सुरुवातीच्या दोन-चार पिढ्यांत नशीब आडवं आलं की संपलं. नानांच्या घराण्यात हे स्पष्ट दिसतं. वारस नोंदी लावत गेलं तर तीन पिढ्या एकेकच मुलगा जगलेला. १८९६ नंतरच्या प्लेगात एक शाखा गेली, १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे फ्लूच्या साथीत, दुसरी. आजोबांना चार मुलगे झाले म्हणून आज चाळीस घरं आहेत, नाहीतर गावात नुसती पडकी जोती राहिली असती.

दोन कागद आणि एक निष्कर्ष

ज्या कागदाने घोटाळा केला तो एका खातेदारांच्या यादीचा. त्या दिवसांत मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, रेकॉर्ड रूममधले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सुटले आणि कागद स्कॅन व्हायला लागले. मी दिवसाला तीस-चाळीस पानं वाचत होते. नानांच्या गावची यादी त्याच धांदलीत हाती आली. त्यात ओळ होती: 'राणू व भिकू बिन संतू', पुढे आडनाव, जमीन सामाईक. वर 'सन १२७४'. नानांची वंशावळ वारस नोंदींवरून राणूपर्यंत पोचत होतीच. आडनाव मी 'सुभे' वाचलं.

आता मोडीचं थोडं सांगायला हवं. मोडी लिहिताना आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात. शब्द तोडलेले नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि अनुस्वार बहुधा दिलेला नसतो. 'सुंभे' असो की 'सुभे', कागदावर दिसतं ते एकच. वाचणारा आपल्या डोक्यातलं टिंब देतो किंवा देत नाही. माझ्या डोक्यात नानांचा ग्रंथ होता.

दुसरा कागद रामकुंडावरचा. जानेवारीत नाना, पुतण्या आणि मी गंगेवर गेलो. (नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात.) कोणत्या गावचे यजमान कोणत्या गुरुजींचे हे ठरलेलं असतं, त्यामुळे गावाचं नाव सांगत दोन-तीन ओट्यांवरून पुढे गेलं की योग्य जागी पोचता येतं. गुरुजींनी कपाट उघडलं, लाल फडक्यातली लांबोडकी वही काढली.

"आडनाव?"

"सुभे."

त्यांनी अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं. "सुभे नाहीत माझ्याकडे. सुंभे आहेत."

अनुक्रमणिका गुरुजींच्या आजोबांच्या हातची, बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, टिंब टपोरं. सुंभ्यांचा सगळ्यात जुना लेख शके १७९२ चा, म्हणजे १८७०-७१: भिकू संतू, गाव तेच, 'हल्ली वस्ती भुसावळ', बापाच्या अस्थी घेऊन आलेला. पुढे त्याच्याच वंशातल्यांचे लेख १९६० च्या दशकापर्यंत. राणूच्या वंशाचा एकही लेख नाही, कारण नानांच्या घरातले अस्थी दारणेतच सोडत.

त्या रात्री मी दोन्ही कागद समोर ठेवले. यादीतला भिकू सन १२७४ मध्ये गावात जमीन कसतो. वहीतला भिकू त्याआधीच भुसावळला गेलेला. कारण १२७४ हा जुन्या दप्तरातला सुहूर सन धरून मी त्यात ५९९ मिळवले होते: इसवी सन १८७३-७४. म्हणजे भिकू दोन. बापाचं नाव दोघांचंही संतू, पण संतू-भिकू ही नावं तेव्हा दर दोन घरांत एक. त्यात देवकही जुळत नव्हतं. नानांचं कळंब, भुसावळकरांचं पंचपल्लव. आणि तीन रंगांचा नकाशा होताच.

मी नानांना फोन करून सांगितलं, "नाना, घराणी वेगळी दिसतायत."

'दिसतायत' हा शब्द मी जपून वापरला होता. पलीकडे तो कुणी ऐकला नाही. दोन दिवसांत साखरपुड्याची तारीख ठरली.

आक्का आणि सुंभ्याचं वावर

फेब्रुवारीत नानांना ग्रंथासाठी आक्काचा फोटो हवा होता, म्हणून आम्ही गावाला गेलो. आक्का ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. मी सहज विचारलं, धरणात गेलेली तुमची जमीन कुठल्या बाजूला होती.

त्यांनी पाण्याकडे हात केला. "ते काय, बाभळी हायेत ना, त्याच्या खाली. सुंभ्याचं वावर."

नाना म्हणाले, "आक्का, सुभ्याचं म्हण."

"सुभ्याचं तू म्हण. आम्ही सासू-सुना सुंभ्याचंच म्हणत आलो. शाळेच्या मास्तरनं तुझ्या बापाचं सुभे लिव्हलं तवापासून तुमी सुभे." आणि मग माझ्याकडे बघून, "भुसावळचं कोण आलंय म्हनं सोयरिकीला? भिकूबाबाचं का? तो रेल्वेच्या कामावर गेला तो तिकडंच ऱ्हायला. माझी सासू सांगायची."

परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. घरी पोचल्यावर मी रुमालाचे सगळे स्कॅन पुन्हा उघडले. आमच्या यादीच्या चार पानं पुढे, त्याच हातच्या एका पानाच्या कोपऱ्यात दोन्ही सन दिलेले होते: 'सन १२७४ फसली', म्हणजे महसुली कालगणनेतला, आणि खाली इसवी सन १८६५.

चूक कुठे झाली

सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. फसलीत ५९० किंवा ५९१. दोन्ही मृगाला सुरू होतात, दोन्ही जुन्या कागदांत भेटतात. त्या आठवड्यात मी दुसऱ्या एका घराण्याचे पेशवाईतले कागद वाचत होते, हात सुहूरला बसला होता. पण ही सबब झाली. सुहूर सन सहसा अरबी शब्दांत लिहिलेला असतो, 'खमस', 'सीत', 'सबा' असा. इथे नुसता आकडा होता. कागद उघडउघड इंग्रजी अमदानीतला. तिथेच थबकायला हवं होतं.

नऊ वर्षांचा फरक, पण सगळं उलटं झालं. यादी १८६४-६५ ची. थळ घाटातून, म्हणजे आताच्या कसारा घाटातून, इगतपुरीपर्यंत रेल्वे सुरू झाली १८६५ मध्ये. भिकू तोवर गावात आहे, भावाबरोबर सामाईक जमीन कसतो आहे. मग तो रेल्वेच्या कामावर जातो, लोहमार्गाबरोबर पुढे सरकतो, आणि १८७० मध्ये बापाच्या अस्थी घेऊन भुसावळहून रामकुंडावर येतो. भिकू एकच.

मग तीन रंग कसे पडले? याचं उत्तर मला वहीने दिलं, उशिरा का होईना. गुरुजी यजमानाच्या तोंडून ऐकून लिहीत. भुसावळच्या रेल्वे कारकुनानेही ऐकूनच लिहिलं, इंग्रजीत, आणि इंग्रजीत 'एम' अक्षर टाळता येत नाही. या दोन्ही ठिकाणी टिंब टिकलं. गावच्या मास्तराने मात्र मोडी कागद समोर ठेवून बाळबोधीत नक्कल केली. टिंब कागदावर नव्हतंच, तर उतरणार कुठून? मुंबईला गिरणीत गेलेल्या चुलत आजोबांनी दाखल्यावरच्या 'सुभे'ला पुढे 'दार' जोडलं. पेशव्यांच्या सुभ्याची गोष्ट नानांनी लहानपणी ऐकली ती परळहून सुट्टीला आलेल्या या मंडळींकडूनच. गोष्ट आडनावाहून वयाने लहान होती. ऐकून लिहिणाऱ्यांच्या हाताखाली सुंभे राहिले, बघून लिहिणाऱ्यांच्या हाताखाली सुभे झाले, आणि आम्ही त्या ठिपक्यांना घराणी समजलो.

देवकाचं कोडंही नंतर सुटलं. भुसावळच्या आजींनी सांगितलं की तिथे भाऊकीतलं कुणी नव्हतं, पहिल्या लग्नात देवक कुणाला आठवेना, तेव्हा भटजींनी पंचपल्लव सांगितलं ते चालू झालं.

निकाल

मी नानांच्या घरी जाऊन सांगितलं. फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. साखरपुड्याला अकरा दिवस उरले होते. सून उठून आत गेली. नाना बराच वेळ फसलीचा हिशोब माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेत राहिले, जणू एखादा ताव परत तपासायला आला होता. शेवटी म्हणाले, "म्हणजे टिंब माझ्या नजरेतूनही सुटलं."

मुलीपासून मोजलं तर संतू आठव्या पायरीवर, मुलापासून सातव्या. सपिंडाच्या अटीचा संबंध नाही. रूढीचा होता. साखरपुडा पुढे ढकलला. भाऊकीतल्या एकांनी जुना तोडगा सुचवला: मुलीला मामाच्या मांडीवर बसवायचं, मामाने कन्यादान करायचं, म्हणजे तिचं कूळ बदललं. नात म्हणाली, "मी कुणाच्या मांडीवर बसणार नाही." आक्काला विचारलं तेव्हा त्यांनी लग्नाला यायला नकार दिला, पण लग्न करू नका असंही म्हणाल्या नाहीत. या दोन्हींच्या मधल्या जागेत घराने निर्णय घेतला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणी लग्न झालं. नाशिकरोडला जेवण झालं. आक्का आल्या नाहीत. त्यांच्याकडून नातीला चोळीचा खण आला.

ग्रंथ छापला. तलवारी गेल्या. पहिल्या पानावर आता सुभ्याची गोष्ट आहे, पण 'मुंबईच्या शाखेत सांगितली जाते' अशी. आडनाव परत 'सुंभे' करायचं का, यावर एक बैठक झाली. राजपत्रात जाहिरात देऊन ते करता येतं. पण मुलांचे जातीचे दाखले, पडताळणी, सातबारा, सगळी साखळी 'सुभे'वर उभी आहे. एका टिंबासाठी प्रत्येक टेबलावर 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र कोण देत बसणार? ते जसं होतं तसं राहिलं, आणि मला ते योग्य वाटतं.

आज वेगळं काय केलं असतं

आक्कांकडे आधी गेले असते. पूर्ण प्रकरणात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नेमका पुरावा तो होता, एका वावराचं नाव, आणि तो शेवटी हाती आला तोही फोटोच्या निमित्ताने. आता कुणीही आडनाव घेऊन आलं की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सुनेला भेटवा म्हणते. लेकी आडनाव घेऊन जातात आणि टाकतात; सुना मात्र ते मोठेपणी, कानाने शिकतात.

गुरुजी 'सुभे नाहीत, सुंभे आहेत' म्हणाले तेव्हा मी तिथेच थांबायला हवं होतं. माझ्या वाचनाच्या विरोधात गेलेला तो पहिला साक्षीदार होता, आणि मी त्याला आजोबांच्या हातची चूक समजून बाजूला ठेवलं. ओळखीचं आडनाव डोक्यात ठेवून मोडी वाचायची नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवते.

नुसता 'सन' लिहिलेला दिसला की आता दोन्ही हिशोब वहीत मांडते आणि रुमालातली आजूबाजूची पानं बघितल्याशिवाय इसवी सन उच्चारत नाही. आणि लग्नासारखी गोष्ट अडकलेली असेल तर अर्धवट निष्कर्ष फोनवर देत नाही. 'दिसतायत'चं 'आहेत' व्हायला एक रात्रही लागत नाही.

डीएनएबद्दल मत बदललेलं नाही. वाचणाऱ्यांपैकी काहींना ते पटणार नाही, हरकत नाही.

त्यानंतर

२०२५ च्या उन्हाळ्यात नाना गेले. अस्थी या वेळी दारणेत न सोडता रामकुंडावर आणल्या. त्यांचीच तशी इच्छा होती. नात, तिचा नवरा आणि पुतण्या असे आले होते, मलाही बोलावलं. विधी झाल्यावर गुरुजींच्या मुलाने तीच वही काढली. राणूच्या वंशाचा पहिला लेख. मी संतू, राणू आणि पुढची नावं सांगत गेले, तो भिकूच्या पानासमोरच्या कोऱ्या पानावर उतरवत गेला.

आडनावापाशी त्याने पेन थांबवलं. पुतण्या म्हणाला, "सुंभे. म्हणजे सुभे, पण..."

"घोळ नको," गुरुजींचा मुलगा म्हणाला. "आधार कार्ड दाखवा."

पुतण्याने कार्ड पुढे केलं. त्याने ते वहीशेजारी ठेवलं आणि बघून लिहिलं: सुभे.